कुस्ती खोटी असते हे तुम्हाला कधी कळलं? (अनुभव धागा)

१४ डिसेंबर २०२५, रविवारची सकाळ. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. मी आणि माझी नऊ वर्षांची लेक एकाच शालीत गुरफटून टीव्हीपुढे बसलो होतो. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीच्या, ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्तीतली जॉन सीनाची शेवटची लढत होती, समोर गुंथर. गुंथरने मागून गळ्याला मिठी घातली. सीनाने ती दोनदा सोडवली, पुन्हा पडली. ज्या माणसाच्या टोपीवर, टी-शर्टवर, टॉवेलवर वर्षानुवर्षं ‘नेव्हर गिव्ह अप’ लिहिलेलं होतं, तो क्षणभर हसला आणि त्याने हात आपटला. हार मानली. वॉशिंग्टनमधलं ते सगळं सभागृह रागाने ओरडत होतं आणि इकडे चिंचवडमध्ये माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, हे त्याला आधीच माहीत होतं ना? मग तो हो का म्हणाला?”

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या वयाचा असताना मी विचारलं असतं, “तो हरला कसा?” माझे आजोबा दारासिंगचे भक्त. दारासिंग हरू शकतो हेच त्यांनी कधी मानलं नाही, त्यामुळे त्यांना विचारण्यासारखं काही नव्हतंच. एकाच घरात तीन माणसं एकच खेळ बघतात आणि तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात.

म्हणून हा धागा. तुम्ही कोणत्या काळातले, कोणाचे चाहते, हे ठरवून खेळतात हे तुम्हाला कधी आणि कसं कळलं? कळल्यावर बघायचं सोडलंत का? घरातल्या मोठ्यांना विचारून लिहिलंत तर फार बरं. आपलं गाव आणि जन्मसाल टाका, म्हणजे कोण कुठून बघत होतं ते कळेल.

*

परळ, १९५०

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. त्या काळी आम्ही याला फ्री-स्टाईल कुस्ती म्हणायचो, रेसलिंग हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. १९६८ च्या मे महिन्यात वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि अमेरिकेचा लू थेझ यांची जगज्जेतेपदाची कुस्ती झाली. मी अठरा वर्षांचा होतो. चाळीतले आम्ही नऊ-दहा जण परळहून वरळीला चालत गेलो, कारण बसचे पैसे तिकिटात घातले होते.

आत उकाडा म्हणजे नुसती भट्टी. दिव्याचा झोत तेवढा रिंगवर. दारासिंग आला की वेगळाच आवाज व्हायचा, देवळात आरती सुरू होताना सगळे एकदम उभे राहतात तसं. दारासिंग जिंकला तेव्हा शेजारच्या एका अनोळखी माणसाने मला कमरेला धरून उचललं. तो कोण होता मला आजही माहीत नाही. परत येताना आम्ही लोअर परळपर्यंत ओरडत आलो.

आता तुमच्या प्रश्नाचं. आम्ही भोळे होतो आणि सगळं खरं मानायचो, असं आजच्या मुलांना वाटतं. तसं नव्हतं. ‘नुरा’ हा शब्द आमच्या नाक्यावर रोज ऐकू यायचा. मंडळाच्या व्यायामशाळेतले, तालमीत जाणारे, ते तर ठामपणे सांगायचे की हे ठरवलेलं असतं. त्यावरून वाद व्हायचे, कधीकधी बोलणं बंद व्हायचं. वडिलांचं उत्तर मात्र एकच होतं. त्यांनी दारासिंग आणि किंगकाँग यांची कुस्ती पाहिली होती. किंगकाँग मूळ हंगेरीचा, वजन दोनशे किलोच्या घरात. वडील म्हणायचे, “कुस्ती खोटी असेल. किंगकाँगचं वजन खोटं होतं का? ते तर उचललं ना त्याने?”

यावर कुणाला काही बोलता यायचं नाही.

आणि एक लिहितो. स्वातंत्र्याला तेव्हा वीस-एकवीस वर्षं झाली होती. वडिलांनी गिरणीत गोरा साहेब पाहिला होता. त्या पिढीला एक परदेशी पहिलवान आपल्या माणसाच्या खाली पाठ टेकून पडलेला बघायचा होता, आणि त्यासाठी ते पगारातून तिकीट काढत होते. ही आवड कुस्तीची होती तशीच दुसऱ्याही कशाची होती. पुढे रामायण मालिकेत दारासिंग हनुमान झाला, तेव्हा आमच्या वयाच्या कुणालाही नवल वाटलं नाही. तो आमच्यासाठी आधीपासून तोच होता.

*

डोंबिवली, १९८६

मी कुस्ती बघण्याआधी कुस्तीचे पत्ते खेळलो. आमच्याकडे केबल १९९६ मध्ये आली, पण ट्रम्प कार्ड त्याच्या आधीपासून खिशात होती. रबर लावलेला तो जुडगा, कोपरे मऊ झालेले, एक-दोन पत्ते पाण्यात भिजून फुगलेले. प्रत्येकावर रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती लढला, किती जिंकला. जायंट गोन्झालेझ हातात आला की डोळे झाकून ‘हाइट’ म्हणायचं, आठ फूट. योकोझुना आला की ‘वेट’. जे पत्ते कशातच पुढे नव्हते ते वाटणीला आले की पोटात गोळा यायचा. फूट, इंच, पौंड हे मला शाळेने शिकवायच्या आधी त्या पत्त्यांनी शिकवलं.

त्यामुळे टीव्हीवर पहिल्यांदा अंडरटेकर आला तेव्हा तो मला ओळखीचा होता. दिवे गेले, घंटा वाजली, आणि तो एवढा हळू चालत येत होता की आई आतून दोनदा विचारून गेली, “अजून पोचला नाही का तो?” आमच्या शाळेत सगळ्यांना पक्कं माहीत होतं की अंडरटेकरला सात जन्म आहेत आणि त्यातले तीन संपलेत. कोणी सांगितलं? माहीत नाही. पुढे समजलं की कोल्हापूरपासून कानपूरपर्यंत प्रत्येक शाळेत हीच बातमी होती.

मला खरं-खोटं कसं कळलं, ते सांगतो. १९९९ ची मेची सुट्टी. इमारतीच्या गच्चीवर एका मोठ्या मुलाने सांगितलं, ओवेन हार्ट मेला. कॅन्सस सिटीमध्ये २३ मे रोजी छताजवळून दोरीने रिंगमध्ये उतरताना तो खाली पडला. आम्ही हसलो. आदल्या वर्षी केनने शवपेटी पेटवली होती, आत अंडरटेकर होता, आणि अंडरटेकर परत आलाच की. मग ओवेन का नाही येणार? मी वाट बघितली. गणपती गेले, नवरात्र गेलं. दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी लक्षात आलं की तो येणार नाही.

मी तेरा वर्षांचा होतो. त्या दिवशी मला एकदम दोन गोष्टी कळल्या. अंडरटेकरचं मरण खोटं होतं आणि ओवेनचं खरं. त्यानंतर मी कुस्ती सोडली नाही, पण कोणी उंचावरून उडी मारली की मी आजही तो उठून बसेपर्यंत श्वास रोखून धरतो. माझा मुलगा माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत असतो.

*

यवतमाळ, १९९४

खली! त्याच्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

२००६ चा उन्हाळा, आमच्याकडे भारनियमन जोरात. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्या एका घरी अख्खी गल्ली जमायची. खलीने अंडरटेकरला पाडलं तेव्हा खोलीत दोन तट पडले. अर्धे नाचत होते, अर्धे गप्प. मी गप्प बसलेल्यांमध्ये होतो. अंडरटेकर आमचा देव आणि खली आमचा माणूस, आता करायचं काय? घरमालकिणीची सासू, ऐंशीच्या पुढची, तिने निकाल देऊन टाकला: “आपला पोरगा जिंकला ना, मंग पेढे आणा.” पुढच्या वर्षी जुलैमध्ये तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा खरंच पेढे वाटले.

वर परळच्या काकांनी लिहिलंय ते वाचून हेच आठवलं. चाळीस वर्षांनंतरसुद्धा आम्हाला तेच हवं होतं. हिमाचलमधल्या सिरमौर जिल्ह्यातला, पंजाब पोलिसातला एक माणूस तिकडे जाऊन उभा राहिला, एवढं पुरे होतं.

आता त्या जुन्या लढती पाहतो तेव्हा दुसरंच दिसतं. खलीला हालचाल जड जात होती, आणि अंडरटेकर त्याला प्रत्येक पावलावर सांभाळून घेत होता. तो कुठे उभा राहील, हात कधी वर करील, पडताना किती जागा लागेल, सगळं. लहानपणी मला तो हरला याचं वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्या दिवशी सगळ्यात जास्त काम त्यानेच केलं.

*

राधानगरी तालुका, १९८९

थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे आजोबा पहिलवान. ऐन उमेदीत कोल्हापुरात तालमीत राहिले, खासबागेत कुस्त्या केल्या. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून दिलेलं ते मैदान, त्याचं नाव घेताना आजोबा बसल्या जागी ताठ व्हायचे. दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. गावात कुणी ‘पैलवान’ अशी हाक मारली की तीच त्यांची ओळख, आडनाव कुणी घेत नसे.

२००३ च्या सुमारास मी चोरून डब्ल्यूडब्ल्यूई बघायचो. चोरून, कारण वडिलांना वाटायचं की आजोबांना हा आपल्या कुस्तीचा अपमान वाटेल. एक दिवस आजोबा नेमके मागे येऊन उभे राहिले. मी चॅनेल बदलायला गेलो तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. बघू दे.”

तब्बल तासभर उभ्यानेच बघितलं. मग खाटेवर बसले आणि म्हणाले, “आरं, त्यो उचलतुय कुठं? वरचा सोता उडी घेतोय बघ. खालचा नुसता आधार देतोय.” मला वाटलं आता शिव्या पडणार. तर पुढे म्हणाले, “पर पडतोय कसा बघ. पडायला शिकलाय ह्यो. कुणीतरी चांगला वस्ताद हाय ह्यांचा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून गावच्या तालमीत नेलं. हौद्यातली तांबडी माती आदल्याच आठवड्यात तयार केली होती, ताक, तेल, हळद घालून. पायाला गार लागत होती आणि नाकात हळदीचा वास भरला होता. त्यांनी मला पडायला शिकवलं. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल. टेकण्याच्या क्षणी हाताचा पंजा मातीवर सपाट मारायचा, म्हणजे मार हातात जातो, मणक्यात नाही. आणि श्वास सोडून द्यायचा, धरून ठेवायचा नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, स्वतः पडून दाखवत होता. तीन वेळा. मातीवर पंजाचा फाडकन आवाज यायचा. तो आवाज आणि टीव्हीवरचा आवाज अगदी एकच होता.

मी विचारलं, “आबा, पण ती नुरा कुस्ती हाय न्हवं?”

ते खवळले. इतके चिडलेले मी त्यांना क्वचित पाहिलंय. म्हणाले, “नुरा म्हंजे काय ठावं हाय का तुला? जत्रंत गाव वर्गणी काढतंय, मानसं वीस कोस चालत येत्यात, खरी कुस्ती बघाया. आन दोघं पैलवान आदल्या राती इनाम वाटून घेत्यात. ती नुरा. त्यात मानसं फसत्यात. हितं फसलं कोन? तुला ठावं, मला ठावं, त्या गोऱ्या पोरास्नी ठावं. मंग नुरा कशी?”

हे मी त्यानंतर कुठेही इतकं स्वच्छ ऐकलेलं नाही.

आपल्या कुस्तीवर मात्र त्यांची तक्रार होती. गादी आली, सहा मिनिटांची कुस्ती झाली, गुण आले. त्यांच्या उमेदीत पाठ लागेपर्यंत कुस्ती. अर्धा तास, पाऊण तास, दोघांच्या अंगाची माती घामाने चिखल होईपर्यंत, आणि निकाल लागला नाही तर बरोबरीत सोडवायची. त्या पाऊण तासात मैदान गप्प बसायचं. कुणी पटात शिरायला बघतोय, कुणी एकलंगीची हूल देतोय, कुणी नुसता मनगट धरून समोरच्याचा दम मोजतोय, हे बघणाऱ्याला कळायचं. माझ्या वडिलांच्या वयाच्या लोकांनाच ते बघायचा कंटाळा यायला लागला होता. हलगी वाजली की पाच मिनिटांत कुणीतरी चितपट झालं पाहिजे, नाहीतर ओरडा सुरू. मी गुणांची बाजू घेऊन खाशाबा जाधवांचं नाव काढलं की आजोबा गप्प व्हायचे. १९४८ ला लंडनमध्ये गादीची सवय नसताना ते सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन गोळेश्वरला परतले. “त्ये बी खरं,” एवढंच म्हणायचे.

आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या वर्षांत दिसायचं कमी, पण डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘रॉ’ या सोमवारच्या कार्यक्रमाची आठवण तेच मला करायचे. निकालात त्यांना रस नव्हता. “पडल्याला दाखव,” म्हणायचे.

*

लातूर, १९८०

मी आई म्हणून लिहिते. धाकट्या दिराने आणि माझ्या मुलाने दिवाणावरच्या गाद्या जमिनीवर टाकून चोकस्लॅम केला, म्हणजे गळा धरून उचलून आपटायचं. मुलगा सात वर्षांचा, गादीच्या कडेवर पडला आणि गळपट्टीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. टीव्हीवर प्रत्येक वेळी ‘घरी करू नका’ असं सांगतात, पण मुलं ते वाक्यसुद्धा त्या आवाजात पाठ म्हणतात आणि मग उडी मारतात.

राधानगरीच्या दादांचा अनुभव मुलाला वाचून दाखवला. तो आता एकोणीस वर्षांचा आहे. म्हणाला, “मला हनुवटीचं कुणी सांगितलंच नव्हतं.” मोठ्यांनी नुसतं “बंद कर ते” न म्हणता शेजारी बसून पाहिलं असतं तर, असं मला आज पहिल्यांदा वाटलं.

*

न्यू जर्सी (माहेर नाशिक), १९८२

मी चायना नावाच्या महिला पहिलवानाची चाहती. घरात चार भाऊ, रिमोट त्यांच्याकडे, आणि बायकांची कुस्ती लागली की ते पाणी प्यायला उठायचे. चूक त्यांचीही नव्हती. त्या लढती दोन-तीन मिनिटांच्या असायच्या आणि त्यात कुस्ती सोडून बाकी सगळं दाखवायचे. मी आईसमोर ते बघू शकत नसे.

आणि मग चायना. रुंद खांदे, काळा पोशाख, पुरुषांच्या शेजारी त्यांच्या बरोबरीने उभी. १९९९ मध्ये तिने जेफ जॅरेटला हरवून इंटरकॉन्टिनेंटल पट्टा जिंकला, तो जिंकणारी ती पहिली बाई. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्या उंचीवरून, खांद्यांवरून घरात बोलणी खात होते. “मुलगी आहेस का पैलवान?” या वाक्यावर मी रडायचे. चायना आल्यावर रडणं थांबलं. मला त्या वेळी ते सगळं ठरवलेलं असतं हे पक्कं ठाऊक होतं, कारण भाऊ मला चिडवायला रोज सांगायचे. मला त्याने फरक पडला नाही. कुणीतरी बसून ठरवलं होतं की ती जिंकेल. मला तेच हवं होतं, कुणीतरी तसं ठरवावं.

पुढे लग्न होऊन इकडे आले. इथेच राज्याच्या सिनेटसमोर १९८९ मध्ये कंपनीने स्वतः सांगितलं होतं की ही स्पर्धा नाही, मनोरंजन आहे, म्हणून आम्हाला क्रीडा आयोगाचे नियम लावू नका. म्हणजे मी नाशिकला पहिली कुस्ती बघण्याच्याही आधी ते उघड झालेलं होतं.

७ एप्रिल २०१९ ला मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन मेटलाइफ स्टेडियममध्ये रेसलमेनियाला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला गेले. सोळा लढती. संध्याकाळी उजेडात सुरू झालं ते मध्यरात्र उलटली तरी चालू. थंडी, मुलगी माझ्या कोटात शिरून बसलेली. कोफी किंगस्टन हा काळा पहिलवान अकरा वर्षं थांबून चॅम्पियन झाला तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतला एक काळा बाप आपल्या दोन मुलांना खांद्यावर घेऊन नुसता उभा राहिला, ओरडला नाही, काही नाही. आणि सगळ्यात शेवटी, मुख्य लढत म्हणून, तीन बायका: बेकी लिंच, राँडा राउझी, शार्लट फ्लेअर. रेसलमेनियात मुख्य लढत बायकांची, हे पहिल्यांदाच. कुणी पाणी प्यायला उठलं नाही.

आदल्या संध्याकाळी चायनाचं नाव तिच्या जुन्या गटाबरोबर हॉल ऑफ फेममध्ये घेतलं होतं. ती २०१६ च्या एप्रिलमध्ये गेली, त्याच महिन्यात कंपनीने बायकांना ‘डिव्हा’ (नखरेल तारका) म्हणणं बंद केलं होतं. बेकी जिंकली तेव्हा मी रडत होते. मुलगी म्हणाली, “आई, मला माहीत होतं बेकीच जिंकणार.” तिच्यासाठी यात नवीन काहीच नव्हतं. बायका शेवटी लढतात हे तिला तितकंच सहज वाटलं जितकं मला ते अशक्य वाटायचं. मी तिला चायनाबद्दल सांगायला लागले, पण ती तोवर झोपली होती.

*

सांगली, २००१

मी डब्ल्यूडब्ल्यूई बघत नाही, पण वरच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. मार्च २०२३ मध्ये आमच्या सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. माझे वडील आयुष्यभर जत्रेच्या मैदानाला गेले, मला कधी नेलं नाही. मैदान बायकांचं नव्हे, असं आजीच सांगायची. त्या दिवशी वडिलांनी स्वतः विचारलं, “येतीस का?” आणि तिथे गेल्यावर सबंध वेळ मला डाव सांगत बसले: हा ढाक, हा भारंदाज, आता ती लपेट मारील. हे सगळं त्यांना इतकं येतं हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.

*

सोलापूर, २००६

माझ्यासाठी ‘कधी कळलं’ असा दिवसच नाही. मी बघायला लागलो तेव्हाच ते माहीत होतं, मोबाइलवर सगळं दिसत होतं. कोणाचा करार संपतोय, कोण जखमी आहे, कोणाला पुढे आणायचं ठरलंय. आम्ही मित्र कुस्तीवर बोलतो ते असं, “कोण जिंकेल” नाही, तर “हे असं का लिहिलं?” रोमन रेन्स १,३१६ दिवस चॅम्पियन राहिला. माझ्या काकांना (जन्म १९८५) ते असह्य व्हायचं, “रोज तोच जिंकतो, काय बघायचं?” मला त्यातच मजा होती. प्रत्येक वेळी घरातलाच कुणीतरी त्याला वाचवायला यायचा आणि दर वेळी ते घर थोडं थोडं मोडत जायचं. मला ती कौटुंबिक गोष्ट म्हणूनच आवडली.

८ सप्टेंबर २०२३ ला काका आणि मी हैदराबादला गेलो, गचीबावलीला, सीना येणार होता म्हणून. रात्रीच्या बसने गेलो, रात्रीच्याच बसने परत. सेथ रॉलिन्सबरोबर जोडीने तो लढला. मला वाटत होतं मी शांत बसून बघेन, कोण काय करतंय ते टिपेन. त्याचं गाणं सुरू झालं आणि मला पुढचं काही आठवत नाही. आवाज बसला होता. काकांचाही.

८ एप्रिल २०२४ च्या सकाळी कोडी रोड्सने रोमनला हरवलं. कोडीचे वडील डस्टी रोड्स, मोठे पहिलवान, पण हा पट्टा त्यांना कधी मिळाला नव्हता. ती गोष्ट मी काकांना दोन वर्षं समजावत होतो. त्यांना कोडी आवडत नव्हता. लढत चालू असताना सीना आला, काका पुढे सरकले. आणि मग दिवे गेले आणि घंटा वाजली. अंडरटेकर. एवढ्यासाठीच, एका मिनिटासाठी. काका खुर्चीतून उठून उभे राहिले, डोंबिवलीच्या दादांनी लिहिलंय तसे लहान होऊन. मी त्यांच्याकडेच बघत होतो, टीव्हीकडे नाही. त्यानंतर कोडी जिंकला तेव्हा मी रडलो आणि त्यांनी मला जवळ घेतलं.

एक खंत आहे. मला सगळं आधी कळतं. सीना २०२५ च्या मार्चमध्ये टोरंटोत एकाएकी खलनायक झाला, तो व्हिडिओ मला मित्राने झोपेतून उठवून पाठवला, म्हणजे मी ते घडताना पाहिलंच नाही. परळच्या आजोबांना जो अनोळखी माणूस कमरेला धरून उचलून घेतो, तसं माझ्या बाबतीत घरबसल्या कधी होणार नाही. आता मोठी लढत असेल तर आदल्या रात्री मी फोन आईकडे देतो. सकाळी बघून झाल्यावर परत घेतो.

*

चिंचवड (धागा सुरू करणारा)

लेकीला परळच्या काकांचा अनुभव वाचून दाखवला. दारासिंग कोण ते सांगितलं, पणजोबांचं सांगितलं. ‘वजन खोटं होतं का’ या वाक्यावर तिने मला थांबवलं आणि विचारलं, “दोनशे किलो म्हणजे किती?”

घरातला भरलेला गॅसचा सिलिंडर साधारण तीस किलोचा. तिने वहीत भागाकार केला. सिलिंडर जवळजवळ सात. मग स्वयंपाकघरात गेली, कोपऱ्यातल्या भरलेल्या सिलिंडरला दोन्ही हातांनी कवळ घातली, दात आवळले, चेहरा लाल झाला. जागचा हलला नाही. पुन्हा एकदा बघितलं. मग हात फ्रॉकला पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, ती किंगकाँगची कुस्ती आपल्याला कुठे बघायला मिळेल?”